लवेल गाडीतून उतरत नाही

शनिवार, ७ सप्टेंबर

चिंध्या केल्या! माझ्या पोरीच्या गाण्याच्या चिंध्या केल्या, माझ्याच अंगणात, माझ्याच घराची वीज जाळून. आणि वर आत येऊन विचारतो, "टीन, कॅटफिश तळणार होतीस ना?"

तळ तूच!

दर शनिवारी हा तमाशा. लवेल आणि त्याचा जन्माचा दोस्त विली बी अंगणातल्या त्या जुन्या कटलास गाडीत जाऊन बसतात. गाडीला इंजिन नाही. किती वर्षं झाली, नाहीच. पण डिकीत स्पीकर असे ठासून भरलेत की माझ्या कपाटातल्या बशा नाचतात. डॅशबोर्डवर फोन, हातात माइक, आणि साठीचे दोन बाप्ये रॅपच्या दुनियेचा न्यायनिवाडा करत बसतात. कोणी कोणाच्या ओळी चोरल्या, कुठल्या कंपनीने कोणाला बुडवलं, मेलेल्या पोराचा आवाज मशीनमधून काढून नवा अल्बम विकणं पाप की धंदा. आणि हे लोक बघतात! हजारो लोकांना शनिवारी दुसरं काम नाही.

आज आधी बिशप ट्रे या रॅपरची पाळी. त्याची गाणी म्हणे दुसराच कोणीतरी लिहितो. विली बी म्हणाला, "अरे, पास्टरचं प्रवचन तरी पास्टर स्वतः लिहितो का?" लवेल म्हणाला, "पास्टर स्वतःला राजा म्हणवत नाही." "आपला म्हणवतो की!" झालं. दोघं हसून सीटवर लोळले. इथवर ठीक होतं, मीही खिडकीत हसले.

मग मिस कुडझू या नव्या पोरीचं गाणं लावलं.

आमच्या मेम्फिस शहरातलं गाणं गाडीत वाजवूनच पारखायचं, असा यांचा कायदा. आणि गाणं खरंच अंगात भिनलं की लवेलला बसवत नाही, तो दार उघडून बाहेर उतरतो. लोक तेवढ्यासाठीच बघतात. सोमवारी आमची सगळी ऑरेंज माउंड वस्ती एकच विचारते – लवेल उतरला का? वर्षातून एखादं गाणं त्याला उतरवतं. आज उतरला नाही. सीट मागे पाडली आणि जांभई दिली. जांभई! म्हणाला, "हे कंपनीने आणून लावलेलं रोप आहे. चेहरा नाही, गल्ली नाही, माणसं नाहीत. कुणाच्या अंगणात वाढली ही पोरगी? सांगा ना मला, कुणाच्या अंगणात?"

तुझ्या, गाढवा. तुझ्या!

रविवार, ८ सप्टेंबर

इथे लिहून काढते, नाहीतर चर्चमध्ये कुणाजवळ तरी बोलून बसेन. माझ्या पोरीने, केन्याटाने, मला शपथ घातलीय.

तीन वर्षांपूर्वी तिने पहिलं गाणं केलं. आणि हा बाप! गाडीतून उतरला, नाचला, रडला, "या शहरात अशी पोरगी झाली नाही" म्हणून फोनसमोर ओरडला. गाणं अर्धं संपलंसुद्धा नव्हतं. लोकांनी ते उचललं आणि देशभर फिरवलं. बाप लेकीसाठी नाचतोय, बघा! गाणं कोणी ऐकलंच नाही, सगळे हसत बसले. महिनाभर तिला कुठे तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

मग ती स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. "डॅडी, इस्टरला चर्चमध्ये मी भाषण विसरले तरी तू म्हणालास सगळ्यात छान. शाळेत शेवटी आले तरी सगळ्यात छान. तुझं हे छान मी आता नेऊ कुठे?" ती अटलांटाला गेली ती गेलीच. मला रोज फोन करते, त्याला नाही. थँक्सगिव्हिंगचे तीन सण झाले, टेबलावर तिची खुर्ची रिकामी.

आणि आता तोंडावर काळी जाळी, चर्चमधल्या म्हाताऱ्या बायकांसारखी हॅट, आणि नाव काय तर रस्त्याकडेला माजणाऱ्या वेलीचं. मला पहिल्या दिवशीच सांगितलं तिने. म्हणाली, "मॉमा, मी कोण हे माहीत नसताना तो गाडीतून उतरला ना, तर मी घरी येईन. त्याच थँक्सगिव्हिंगला येईन." मी म्हटलं, अगं बाई, सरळ फोन कर, बाप आहे तो. "नाही."

हट्ट बापाचाच. माझ्या माहेरचं कोणी असं नाही.

सोमवार, ९ सप्टेंबर

बसमध्ये मागच्या बाकावरच्या मुलींनी भंडावलं. मी शाळेची बस चालवते, न्यायालय चालवत नाही, पण ऐकतंय कोण! "मिस टीन, तुमच्या मिस्टरांचे कान गेलेत का?" "मिस टीन, कुडझू म्हणजे आमची राणी आहे, त्यांना सांगा!"

"खाली बस आणि दप्तर मांडीवर घे," म्हटलं. मनात म्हटलं, गेलेत गं, कधीच गेलेत.

शनिवार, २१ सप्टेंबर

कुडझूचं दुसरं गाणं. हा बसलेलाच!

या वेळी जांभई नाही, पोस्टमॉर्टेम. "पहिलं कडवं बरं आहे. दुसऱ्यात एक ओळ खरी आहे, बाकी सजावट. आणि तिसऱ्यात ही पळत सुटते. घास गिळायच्या आत पुढचा घास. एवढी घाई कसली आहे पोरी? कोण लागलंय मागे?" विली बी म्हणाला, "जाऊ दे रे, तालावर आहे ना?" तर म्हणे, "तालावर माझं वॉशिंग मशीन पण असतं."

मी रात्री नुसती स्पॅगेटी वाढली. मासा नाही. त्याने ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, गुपचूप खाल्लं.

केन्याटाला फोन केला. वाटलं पोर रडत असेल. रडते कसली! "मॉमा, त्याने बरोबर धरलं. तिसरं कडवं मी गाडीत बसून घाईत लिहिलं होतं. इथे एवढी माणसं आहेत आजूबाजूला, हे कोणी नाही सांगितलं मला." आवाजात चक्क आनंद!

मी इथे जळून कोळसा होतेय आणि हिला शिकवणी मिळाल्याचं सुख. दोघांनीही आपापल्या परीने मला छळायचं ठरवलंय.

शनिवार, ५ ऑक्टोबर

रॅपमध्ये कुणी नाव घेऊन बोललं की गाण्यानेच उत्तर द्यायचं. नाही दिलं तर संपलात. हा यांचा धर्म. तर कुडझूने उत्तर दिलं. गाण्याचं नाव ‘पार्क केलेला माणूस’. एक म्हातारा इंजिन नसलेल्या गाडीत बसून धावणाऱ्या लोकांच्या चुका काढतो! त्याच्या पोटाबद्दल एक कडवं आहे. त्याच्या जुन्या टेपांबद्दल आहे. तरुणपणी मिक्स करून गाड्यांच्या स्टिरिओच्या दुकानात विकायचा, त्या. दुकान बंद पडलं, टेपा उरल्या, म्हणे.

काय सांगू, अख्खं मेम्फिस हसतंय. बसमधल्या मुलींना पाठ आहे. मीसुद्धा सिंकपाशी उभी राहून हसले. पोटाचं कडवं तर अगदी अचूक.

विली बीने गाणं तीनदा लावलं, डोळे पुसत, गुडघ्यावर थापा मारत. लवेल सरळ समोर बघत होता. मग म्हणाला, "लागलं मला." मी खिडकी धरून उभी. आता उतरेल! आता तरी!

"पण लागलं म्हणजे चांगलं असं नाही. डासही लागतो. पोरी, माझ्यावर काय लिहितेस? मी सोपा आहे. माझ्यावर कुणीही लिहील. तुला जे अवघड जातंय ना, ते लिही."

मी खिडकी एवढ्या जोरात आपटली की ते फोनमध्ये ऐकू गेलं. लोक लिहितायत, ‘लवेलची बायको कुडझूच्या बाजूने!’ अहो, लिहा, लिहा.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

केन्याटाचा फोन नाही. ‘बिझी आहे’ एवढाच मेसेज. परवाही तोच. कालही तोच.

रविवार, २० ऑक्टोबर

आला एकदाचा फोन. "मॉमा, मी बंद करतेय." काय बंद? "सगळं. हॅट, कुडझू, सगळं. अवघड ते लिही म्हणाला. मी आठ वेळा लिहिलं आणि आठ वेळा फाडलं. माझ्यात नसेलच तर?"

मी काय सांगणार? छान आहेस म्हणाले तर तेच जुनं झालं. गप्प बसले तर आई कसली? म्हटलं, जेवलीस का? तर फोनवर हसली आणि मग रडली.

पलीकडच्या खोलीत लवेल बास्केटबॉल बघत लाह्या खात होता. जाऊन त्याच्या हातातलं भांडं डोक्यावर पालथं घालावं आणि ओरडून सांगावं असं वाटलं – ती तुझी मुलगी आहे, बैला! दारापर्यंत गेले. शपथ आठवली. "लाह्या संपवू नकोस," एवढंच म्हणाले. इकडे आड तिकडे विहीर, आणि मध्ये मी बस चालवतेय.

शनिवार, २६ ऑक्टोबर

भयंकर दिवस. विली बीचा एक भाचा अटलांटात स्टुडिओत काम करतो. त्याने म्हणे कुडझूला जाळी न घेता पाठमोरी पाहिलंय. पोरगी मेम्फिसचीच आहे, असं तिच्या बोलण्यावरून वाटतं. विली बी तर खुर्चीत मावेना. सॉरी, सीटमध्ये! "पुढच्या शनिवारी फोटो आणतो. सगळ्यांसमोर जाळी उचलू! एक लाख लोक बघतील, लवेल, एक लाख!"

कढईत कांदा जळला.

आणि लवेल म्हणाला, "नाही."

"नाही म्हणजे?"

"मी गाणी तपासतो. चेहरे नाही तपासत."

"अरे वा! दीड महिना कोण बोंबलतंय, कुणाच्या अंगणातली म्हणून? मी?"

खरं सांगते, विली बीचं चुकत नव्हतं. पण लवेल ऐकेना. म्हणाला, "भाच्याला सांग, तिच्या मागे मागे फिरलास तर मी अटलांटाला येऊन तुझा कान धरीन." यावर विली बी म्हणाला, तू म्हातारा झालास. लवेल म्हणाला, तू भुरटा झालास. हे सगळं चालू फोनसमोर! शेवटी विली बी उतरला, माइक त्याचा होता तो उपटून घेतला, आणि वायर फरफटत पार्क अव्हेन्यूपर्यंत चालत गेला. पहिलीपासूनची दोस्ती, आणि खेळणं घेऊन घरी!

मी सुटले एकदाची. पण लवेलला हे तत्त्व कुठून सुचलं, देव जाणे. वर्षभर लोकांची घरं उघडी पाडतो आणि आजच बरा संत झाला.

शनिवार, २ नोव्हेंबर

एकटाच बसला गाडीत. माइक नाही, भांडायला कुणी नाही. मेलेल्या पोराच्या आवाजाच्या खटल्याबद्दल थोडं बोलला, मन नव्हतं. शेवटी म्हणाला, "मिस कुडझूचं नवीन काही नाही. मी वाट बघतोय." आणि फोन बंद केला.

केन्याटाला सांगितलं. ती म्हणाली, "‘वाट बघतोय’ म्हणाला? अगदी असंच?"

"अगदी असंच."

शनिवार, ९ नोव्हेंबर

विली बी आला. एका हातात माइक, दुसऱ्या हातात बार्बेक्यूच्या बरगड्या. माफी कुणीच मागितली नाही. लवेलने दार उघडून दिलं, तो बसला. पाच मिनिटांत बिशप ट्रेवरून असे काही भांडायला लागले की शेजारणीने पडदे ओढले. देवाची कृपा!

शनिवार, १६ नोव्हेंबर

काही नाही. गाणं नाही. थँक्सगिव्हिंगसाठी टर्की पक्षी सांगायचा म्हणून लवेलला विचारलं, केवढा घेऊ? "मोठा घे." खाणार कोण, तू? "मोठा घे गं." संताप नुसता. दर वर्षी मी डिसेंबरभर टर्कीची सँडविचं चावते.

शनिवार, २३ नोव्हेंबर

घाईत लिहितेय, अक्षर बघ कसं आलंय.

काल मध्यरात्री कुडझूचं गाणं आलं. मला तिने काही सांगितलं नव्हतं. मी पहिल्यांदा ऐकलं ते आज, खिडकीतून, सगळ्यांबरोबर.

ते माझ्यावर आहे.

नाव नाही कुठे. एक बाई आहे. उजाडायच्या आत उठते आणि दुसऱ्यांच्या मुलांना वेळेवर पोचवते. तिच्या घरातली दोन माणसं बोलत नाहीत, तर ही एकाचं ताट वाढते आणि दुसऱ्याचा फोन धरते. दोघांनाही वाटतं, ती आपल्या बाजूची आहे. तिला कुणी विचारतच नाही, की बाई, तू कुठे बसणार? शेवटी पोरगी म्हणते, मी निघाले तेव्हा दार मी आपटलं, पण बोट तिचं सापडलं.

मी सिंकचा काठ धरून उभी राहिले. तीन वर्षं मला वाटत होतं, हे कुणाला दिसत नाही.

गाडीत विली बीने माइक खाली ठेवला. विली बीने! लवेलने डोळे मिटलेले. गाणं संपलं, त्याने परत लावलं. दुसऱ्यांदा ते दार आपटायच्या ओळीपाशी आलं आणि गाडीचं दार उघडलं. उतरला. नाचला नाही, ओरडला नाही. टोपी काढली, टपावर हात ठेवून गाणं संपेपर्यंत तसाच उभा राहिला. मग वाकून फोनमध्ये म्हणाला, "रोप म्हणालो होतो ते शब्द मागे घेतो. हिला कुणी लावलेलं नाही. या वर्षी या शहरात याहून चांगलं गाणं झालेलं नाही, आणि कुणाला वाद घालायचा असेल तर या, मी इथेच असतो."

केन्याटाचा फोन आला, मी ओल्या हातानेच उचलला. "मॉमा, त्याला माहीत नाही! त्याला माहीत नाही आणि तो उतरला! मॉमा, आता ते माझं आहे ना? कुणी दिलेलं नाही ना?"

माझं आहे, माझं आहे, एवढंच म्हणत होती. बुधवारी रात्री निघते म्हणाली.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

आली. बारीक झालीय. दारात दोघं नुसती उभी, कुणी पुढे व्हावं कळेना. मीच दोघांना ढकललं. मग मात्र लवेलने तिला असं धरलं की तिच्या हातातलं फळांच्या गोड कॉब्लरचं भांडं मला झेलावं लागलं.

टर्की, हिरवी पालेभाजी, मक्याच्या पावाचं ड्रेसिंग, सगळं झालं. विली बीने तीनदा वाढून घेतलं. मग केन्याटा उठली, बॅगेतून ती हॅट काढली, जाळी तोंडावर ओढली आणि कुडझूच्या आवाजात म्हणाली, "मिस्टर लवेल, इंजिन कधी बसवताय?"

काय सांगू त्याचं तोंड! जबडाच पडला. "तू? तू? कुडझू तू?" खुर्चीचा आधार घेत खालीच बसला, कपाळावर हात मारून घेतला, मग हसायला लागला, मग रडायला. विली बी तर, "मी तुझा फोटो काढणार होतो गं! देवा, मी तुझा फोटो काढणार होतो!" म्हणून मान हलवत राहिला. आणि माझी पोर मध्ये उभी राहून टाळ्या पिटत हसत होती. अशी हसताना मी तिला शेवटची कधी पाहिली होती, आठवत नाही.

मलाही मिठी मारली दोघांनी. दोघांनी एकदम. भांडी कुणीच घासली नाहीत, राहू देत.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

ती दुपारी गेली. ख्रिसमसला येतेय. लवेल भांडी घासत होता. मी म्हटलं, "डॉक्टरला कान दाखवून घे. एक ठोका ऐकून गाणं ओळखतो म्हणे, आणि पोटच्या पोरीचा आवाज तीन महिने ओळखता आला नाही!"

तो पातेलं घासतच राहिला. म्हणाला, "पहिल्या गाण्याच्या पहिल्या ओळीला ओळखला, टीन."

मी तिथेच बसले. मग ती जांभई? "दाराच्या कडीवर हात होता माझा. तो दिसू नये म्हणून दिली. एकदा बाप म्हणून उतरलो, तर पोर घरातून गेली. या वेळी गाण्याने उतरवेपर्यंत बसायचं ठरवलं होतं. शनिवारी गाण्याने उतरवलं. शपथेवर सांगतो." आणि काल पडला तो जबडा? तो लाजला. "बाथरूममध्ये आरशासमोर करून बघितला होता. बरा जमला ना?"

मग ओले हात तसेच घेऊन माझ्यासमोर आला. "तिला कधी सांगायचं नाही. कधीच नाही. शपथ घे."

घेतली. म्हणजे परत मध्ये मीच!